बाकाशेजारचा दिवा

१२ जानेवारी, सोमवार

मिळालं! मिळालं, मिळालं, मिळालं!

हॉस्पिटलच्या बागेचं काम आम्हालाच मिळालं. ताईंना आणि मला. समोरची पार्टी केवढी मोठी — कोट, टाय, जाडजूड कॅटलॉग, झाडं निळी-जांभळी करून दाखवणारा व्हिडिओ. आणि आम्ही कोण? दोघी जावा, एक कापडी पिशवी, पिशवीत दोन दिवे, बॅटरी आणि वायरचं भेंडोळं. बाहेर बसलेली माणसं अशी बघत होती की जणू आम्ही कुणा पेशंटचा डबा घेऊन आलोय.

पण ताईंचं डोकं! मोठ्या डॉक्टरीणबाईंना सरळ म्हणाल्या, "दिवे मागाहून दाखवते. आधी तुम्ही वॉर्डातल्या कॉटवर आडव्या व्हा." मी जीभ चावली. म्हटलं, गेलं काम हातचं! पण बाई झाल्या की आडव्या. चपला काढून, रिकाम्या कॉटवर. दिवेलागणीची वेळ होती. आवारातल्या खांबावरचा तो भला थोरला फ्लडलाइट लागला आणि खिडकीतून थेट त्यांच्या डोळ्यांत. त्यांनी हात आडवा धरला. ताई म्हणाल्या, "पेशंट रोज असाच हात धरून पडतो. त्याची बाग म्हणजे ह्या खिडकीतून दिसते तेवढीच. बाग दिसावी, दिवा दिसू नये — एवढंच आमचं म्हणणं."

बाई हसत उठल्या. "चला, आज एकदाची पेशंट झाले," म्हणाल्या. आणि कॅटलॉगवाल्यांना चहा देऊन परत पाठवलं.

नवी इमारत सुरू व्हायच्या आत बाग तयार हवी. होईल. न व्हायला काय झालं!

 बसमध्ये ताई एकदम खुदकन हसल्या. "अगं, मी त्यांना 'आडव्या व्हा' म्हटलं!" दोघी उतरेपर्यंत हसत होतो. कंडक्टरनं दोनदा वळून बघितलं.

१३ जानेवारी

काल घरी येऊन सगळ्यांना सांगायचं होतं. पण ऐकायला कोणी शुद्धीवर तर हवं!

आम्ही फाटकातून आत शिरलो तर दोघे भाऊ समोरासमोर. थोरले — दादा, ताईंचे यजमान — पायरीवर. धाकटे — आमचे नवरोबा — नव्या गाडीला टेकून. गाडी आली म्हणजे शेड हवी. शेड हवी म्हणजे जागा हवी. आणि जागा म्हणजे नेमका तो चाफा! ज्याच्या बुंध्याशी ताईंनी आणि मी पहिला दिवा लावला, तोच. तिथूनच तर सगळं सुरू झालं. शेजारी बघायला आले, मग शेजाऱ्यांचे व्याही, आणि बघता बघता आम्ही गावभर 'दिवेवाल्या' झालो.

दादा: "चाफ्याला हात तर लावून बघ."

नवरोबा: "झाड मोठं की भाऊ मोठा?"

दादा: "झाड सावली तरी देतं!"

मग काय, शाळेतली सायकल निघाली. कोणाच्या लग्नात कोण रुसलं ते निघालं. शेवटी दादा म्हणाले, "मग घाल मधे भिंत!" आणि नवरोबा म्हणाले, "घालतोच!"

बाबा — आमचे सासरे — आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "आणि मी कुठल्या बाजूला?" मग पेपर उलटत म्हणाले, "मग मला भिंतीवर ठेवा. ऊन तरी मिळेल."

आमच्या आनंदावर विरजण पडलं. स्वयंपाकघरात ताई फक्त एवढंच म्हणाल्या, "बघ ना, आपल्यालाच मुहूर्त धरता येत नाही."

१५ जानेवारी

भावांचा अबोला. सकाळी दादा म्हणतात, "बाबा, त्याला म्हणावं पाण्याचा पंप बंद कर." नवरोबा हातभर अंतरावर उभे! बाबा म्हणाले, "मी काय टपाल खातं आहे? तिकीट लावा, मग बोला."

पंप शेवटी मीच बंद केला.

१८ जानेवारी, रविवार

आज संध्याकाळ सगळी हॉस्पिटलच्या आवारात. पाय मोडून आलेत, पण काय मजा आली!

दिवे निवडायचे म्हणजे दुकानात जाऊन बोट दाखवायचं, असं लोकांना वाटतं. आधी अंधार निवडावा लागतो. ताई बॅटरी घेऊन मोठ्या शिरीषाखाली उकिडव्या, आणि मी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत, कानाला फोन. "आता?" "आता पानं दिसताहेत, पण तुम्हीही दिसताय!" "मग जरा मागे जाते." "हां! तिथेच! हलू नका!" ताईंनी तिथे खूण म्हणून स्वतःची चप्पल ठेवली आणि एका चपलेवर पुढच्या झाडाकडे गेल्या.

ठरलं ते असं. शिरीषाला खालून दोन दिवे, समोरासमोर तिरपे. एकच लावला तर झाड पत्र्यातून कापल्यासारखं सपाट दिसतं. बुंध्याला चिकटवायचे नाहीत — झाड जाड होत जातं, दिवा गिळून टाकतं. वाटेच्या कडेला गुडघ्याएवढे, टोपी घातलेले. उजेड पावलांवर पडायला हवा, तोंडावर नाही. पायऱ्यांच्या कडेखाली लपवलेल्या पट्ट्या. अंग सगळं पितळेचं, पत्र्याचं नको — पत्रा वर्षाच्या आत गंजून बसतो. आणि उजेडाचा रंग पिवळसर, उबदार. पांढऱ्याफेक उजेडात आधीच फिकुटलेलं माणूस आणखीच आजारी दिसतं! याच्यावर आमचं दोघींचं एकमत व्हायला एक क्षणही लागला नाही.

बाकांवरून मात्र वाद झाला. मी म्हटलं, बाकाला वेगळा दिवा कशाला, वाटेचा पुरेल. ताई ऐकेनात. प्रत्येक बाकाशेजारी एक बुटका दिवा हवाच. का? तर म्हणाल्या, "इथे माणूस वाट बघत बसतं. कोण बसलंय ते लांबून कळलं पाहिजे. आणि रडत असेल, तर कळता कामा नये."

 असं काही सुचायला शाळा-कॉलेज लागत नाही, ताईच लागतात.

२३ जानेवारी

काल नवरोबा म्हणाले, "वहिनीशी फार गूळपीठ नको. कामापुरतं बोल." आज बसमध्ये ताई म्हणाल्या, काल दादांनीही अगदी हेच सांगितलं — "धाकटीला जरा लांबच ठेव." वेगवेगळ्या खोल्यांत, एकाच संध्याकाळी! शेवटी भाऊच ते.

तर आता घरात आमचं नाटक चालू आहे. ताई शेगडीशी, मी ओट्याशी, दोघींच्या तोंडाला कुलूप. ताई भांडं जरा जास्तच जोरात आपटतात. मीही पदार्थ चाखून उगाच नाक मुरडते. दादांना वाटतं, शाब्बास! घरातून मी आधी निघते, मागून त्या. बसस्टॉपवर गाठ. चोरून भेटणाऱ्या जोडप्यासारखं! तिथून हॉस्पिटलपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. दुपारी अर्धवट खणलेल्या चरात पाय सोडून बसतो आणि एकाच डब्यात जेवतो.

आज त्यांना ठसका लागेपर्यंत हसवलं मी. दादा रुसल्यावर कसे कानांपर्यंत मफलर गुंडाळतात, ते करून दाखवलं. वायरने.

३० जानेवारी

आजचा दिवस माझा! लिहून ठेवायलाच हवा.

सगळी ओळ जोडून झाली, दिवे लावले — आणि मागच्या फाटकाकडचे दिवे मलूल. पुढचे टवटवीत, मागचे उपाशी असल्यासारखे. इमारतीचे सुपरवायझर हाताची घडी घालून उभे. "माल हलका दिसतो," म्हणाले. "आधीच त्या मोठ्या पार्टीला द्यायला हवं होतं." कामगार बघताहेत, माळीकाका बघताहेत. ताईंनी माझ्याकडे बघितलं.  नुसतं बघितलं — "तू आहेस ना?" असं.

मी मीटर घेतला आणि ओळीने प्रत्येक दिव्याशी बसत गेले. माल अगदी ठणठणीत! दोष लांबीचा. नळाच्या पाण्यासारखंच असतं हे — टाकीजवळच्या घराला धो धो, शेवटच्या घरी करंगळीएवढी धार. वायर पार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती. मी ती मधे तोडली, वीज टोकाऐवजी मधून दिली, मागच्या बाजूला जाड वायर टाकली. संध्याकाळ होत आली होती. बटण दाबलं.

सगळे सारखे! पहिला कुठला, शेवटचा कुठला, सांगून दाखवा!

सुपरवायझर म्हणाले, "अच्छा." तेवढंच. पण हाताची घडी सुटली होती.

इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. लग्न झालं आणि सर्टिफिकेट कपाटात कपड्यांच्या घडीखाली गेलं. बरीच वर्षं वाटायचं, उगाच शिकले. आज नाही वाटलं. ताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि साऱ्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझी धाकटी आहे ही!"

'जाऊ' नाही म्हणाल्या. 'माझी धाकटी.'

३१ जानेवारी

माळीकाकांनी कुदळीनं वायर तोडली. "मूळ वाटलं," म्हणतात. काळंभोर, चकचकीत, दोन तारांचं मूळ! दिवसभर चिखलात बसून जोडत होते.

५ फेब्रुवारी

गवंडी आला. मागोमाग विटांचा ट्रक.

नवरोबा त्याला सुतळी धरून देत होते. सुतळी घरच्या बागेच्या मधोमध गेली. गवंड्यानं पायानं माती उकरली, वायर दिसली. "ही कुणाची?"

"आमची," मी म्हटलं.

"आमची," ताईही म्हणाल्या.

"म्हणजे कुठल्या बाजूची?"

काय सांगणार? ट्रान्सफॉर्मर ताईंच्या भिंतीला, टायमर माझ्या बाजूला, दिवे दोन्हीकडे. आम्ही लावताना बाजू बघितलीच नव्हती, झाडं बघितली होती. "मग तोडावी लागणार, बाई," तो म्हणाला. बिचारा सरळ माणूस.

एवढ्यानं संपलं नाही. दुपारी ताईंनी सांगितलं, दादांचा हुकूम आहे — भिंत झाली की कामंही आपापली. नसता गुंता नको. नवरोबांनी मला कालच सांगितलं होतं, मी ताईंना बोलले नव्हते. म्हणजे ही हॉस्पिटलची बाग शेवटची.

मी म्हटलं, "ताई, आपण ऐकायचं?" त्या पायरीवर बसल्या होत्या. विटांच्या ढिगाकडे बघत म्हणाल्या, "भिंतीवर उजेड तसा छान पडतो गं. खालून दिला की वीट न् वीट उठून दिसते." आणि मग पदराने डोळे टिपले. ताईंच्या डोळ्यांत पाणी मी आज पहिल्यांदा बघितलं.

आजवर केलं ते सगळं दोघींनी मिळून. आणि आता एकटीने करायचं? ताईंशिवाय मी दिवा कुठे लावायचा ते ठरवू कशी? आणि माझ्याशिवाय त्या तो पेटवणार कशा?

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज हॉस्पिटलची बाग उजळली!

नवरोबा आले नाहीत, कारण दादा येतील. दादा आले नाहीत, कारण नवरोबा येतील. बाबा आले. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, हातात काठी. पहिल्या रांगेत जाऊन बसले. शेजारच्या पाहुण्याला सांगत होते, "त्या दोघी माझ्या सुना." तो बिचारा हो म्हणाला. मग पलीकडच्याला सांगितलं.

भाषणं झाली. डॉक्टरीणबाईंनी तो खांबावरचा फ्लडलाइट बंद करायला लावला. एकदम काळोख. कोणीतरी "अरे!" म्हणालं. आणि मग हळूहळू — टायमर मीच तसा लावला होता — आधी पायऱ्या, मग वाट, मग झुडपं, आणि सगळ्यांत शेवटी शिरीष. बुंध्यापासून वर वर, पार शेंड्यापर्यंत. एकही दिवा दिसत नव्हता! नुसतं झाड दिसत होतं. टाळ्या आधी वाजल्याच नाहीत. सगळे वर बघत बसले. मग वाजल्या, त्याही वरून — वॉर्डांच्या खिडक्यांतून. एक ओली बाळंतीण, बाळ खांद्यावर, खिडकीशी उभी. एक आजोबा सलाइनचा स्टँड ढकलत वाटेवर आले आणि त्या टोपीवाल्या दिव्यांपाशी थांबत थांबत मागच्या फाटकापर्यंत जाऊन आले. एकटे! नर्स मागून धावली, तर म्हणाले, "वाट दिसतेय की मला."

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पुढे बोलावलं. ताई येईनात, मी ओढून नेलं. 

घरी येताना बाबा म्हणाले, "लोक मुलांना विचारतात, बापाच्या नावाचे काय दिवे लावलेत? आमच्या मुलांनी नाही लावले. सुनांनी लावले."

आज मी माझ्या जन्मावर खूष आहे. मोजून मापून सांगते, खूष आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बाग लावून दिली तरी देखभाल आमच्याकडेच आहे, निदान भिंत पुरी होईपर्यंत. गवंड्याचं दुसरं काम अडलंय म्हणून विटा नुसत्या पडून आहेत. देव त्याचं भलं करो.

दर गुरुवारी जायचं. आज काचा पुसल्या — फवाऱ्याच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, व्हिनेगरच्या फडक्यानं जातात. शिरीषाखालच्या दिव्यांवर पानांचा खच. तो तसाच राहिला तर उजेड गुदमरतो आणि काच तापते. एका जोडात मुंग्यांनी संसार थाटलेला! त्यांना हलवलं, जोड नव्यानं बंद केला. कोणीतरी लाथ मारून वाकडा केलेला दिवा सरळ केला. दिवस मोठा होत चाललाय, म्हणून टायमर पुढे सरकवला. मोगऱ्याची फांदी एका टोपीवर आली होती. मी कापणार होते, ताई म्हणाल्या, "फांदी राहू दे, दिवा सरकव. ती वाढायचीच."

हे चालू असताना ताईंचा फोन वाजला. बाबा. दादांच्या पोटात कळा, उभं राहवत नाही, शेजाऱ्यांच्या गाडीतून इकडेच आणताहेत.

शेजाऱ्यांच्या गाडीतून! दारात आपली नवी कोरी गाडी उभी, आणि शेजाऱ्यांच्या!

२० फेब्रुवारी

पित्ताशयात खडे. डॉक्टरीणबाईंनी स्वतः बघितलं. आज सकाळीच ऑपरेशन, नीट पार पडलं. दुसरा मजला, बागेकडची खोली. ताई काल दुपारपासून जागच्या हललेल्या नाहीत. मी हट्टानं दोन घास भरवले.

नवरोबांना म्हटलं, "चला." तर म्हणाले, "मला कोणी कळवलंय?" मी म्हटलं, "मी कळवतेय ना!" तर, "तू नाही. त्याने."

काय बोलायचं अशा माणसाशी!

२१ फेब्रुवारी

संध्याकाळी वॉर्डातून खाली उतरले तर बागेत, शिरीषाजवळच्या बाकावर, कोण? आमचे नवरोबा!

"तुम्ही इथे?"

"तुला न्यायला आलो."

"मग वर चला."

"नको. गाडीकडे लक्ष ठेवायला हवं."

गाडी फाटकाबाहेर. बाकावरून दिसतसुद्धा नाही.

२२ फेब्रुवारी

आजही बाकावर. माझ्या आधी येऊन बसले होते. दादांनी तिकडे मला विचारलं, "आज कोण कोण येऊन गेलं?" मी नावं सांगितली. "आणखी?" मी म्हटलं, "आणखी कोणी नाही." भिंतीकडे तोंड करून पडले.

२३ फेब्रुवारी

हे सगळं विसरायच्या आत लिहिते.

संध्याकाळी दादा उशीला टेकून बसले होते. ताई फळ कापत होत्या. मी पाण्याचं भांडं भरत होते. दादा खिडकीतून खाली बघत होते, बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढे दिवे लावलेत तुम्ही, पण तो त्या बाकाशेजारचा काही बरोबर नाही."

मला झोंबलंच! आजवर ह्यांनी आमच्या एका दिव्याला बरं म्हटलं नाही, आणि आता खोडी काढताहेत! "काय बरोबर नाही त्यात?"

"बसलेल्याचा चेहरा नीट दिसत नाही. किंचित वळवायला हवा."

ताईंचा हात थांबला. मी खिडकीशी गेले. खाली त्या बाकावर नवरोबा, मान खाली, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत.

मी पिशवीतला पाना घेतला आणि खाली गेले. दिव्याशी बसले, स्क्रू सैल केला.

"काय करतेस?" नवरोबा.

"मेंटेनन्स."

"आजच? अगं — माझ्या तोंडावर येतोय!"

"येऊ दे. वरून तक्रार आली आहे."

"कुणाची?"

मी वर बघितलं. मग तेही वर बघायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत दादा होते, सलाइनची नळी लावलेला हात काचेला टेकवून. कोणी हात हलवला नाही.  उजेड तोंडावर पाडायचा नाही हा आमचा नियम, पण आज मी तो स्क्रू तसाच घट्ट आवळला. माझ्या नवऱ्याचा चेहरा सगळा दिसत होता. रडतोय तेसुद्धा दिसत होतं.

ते उठले. सदरा खाली ओढून सारखा केला आणि निघाले. लिफ्टपाशी थांबले नाहीत, जिन्यानंच गेले, दोन दोन पायऱ्या. मी मुद्दामच मागे राहिले. तेवढ्यात वरून ताईंनी फोन लावला आणि नुसता चालू ठेवला, सगळं ऐकू येत होतं.

"आलास?" दादांचा आवाज.

"हं."

"गाडी कुठे लावलीस?"

"बाहेर. झाडाखाली."

"झाडाखाली काय लावतोस? पक्षी घाण करतील."

 मग कोणीतरी नाक शिंकरलं.

मी त्याच बाकावर बसले. दिवा तोंडावर येत होता. येऊ दिला.

२७ फेब्रुवारी

दादा घरी आले. नव्या गाडीतून! पुढच्या सीटवर, उशी पोटाशी धरून. "सीट बरी आहे," म्हणाले. नवरोबांना जणू पदकच मिळालं, दिवसभर सगळ्यांना सांगत होते.

आणि गवंडी नेमका आजच उगवला. सुतळी घेऊन. दोघे भाऊ त्याच्या अंगावर एकदम: "भिंत कसली?" तो गोंधळला. विटांचं काय करायचं? तर फाटकाशेजारी, चाफ्याच्या दुसऱ्या अंगाला, शेड बांधायची ठरलं. ही जागा आधी कोणाला कशी सुचली नाही? बाबा म्हणाले, "सुचली होती. पण विचारलं कोणी?"

वायर कुठेही तुटणार नाही. ताईंनी आणि मी आज स्वयंपाकघरात उघडपणे, मोठ्यानं गप्पा मारल्या. ताईंनी चुकून एक भांडं आपटलं — सवय!

२ मार्च

डॉक्टरीणबाईंच्या ओळखीनं दोन नवी कामं. एक शाळेचं आवार, एक नदीकाठची वाट. नदीकाठची! ताई म्हणतात, तिथे पाण्यातच अर्धे दिवे दिसतील, तेव्हा काठावर निम्मेच लावू.

३ मार्च

जेवताना दोघे भाऊ एकमेकांना वाढत होते, गालातल्या गालात हसत होते. काहीतरी शिजतंय हे मला कळलंच. मग दादा म्हणाले, "तुम्ही दोघींनी पुष्कळ केलंत. आता आम्ही लक्ष घालतो. मी माणसं बघतो."

"मी ऑर्डरी घेतो," नवरोबा म्हणाले.

मी विचारलं, "आणि आम्ही?"

"तुम्ही तुमचे दिवे लावा की! बाकीची डोकेदुखी नको तुम्हाला."

आणि कार्डं काढली. छापूनसुद्धा आणली! आमचं आडनाव, त्यापुढे ठळक अक्षरात 'बंधू'. खाली, 'बागेतील आकर्षक रोषणाई'. कोपऱ्यात रंगीबेरंगी बल्बांचं चित्र.

बंधू! अहो, कुठले बंधू? मातीत कोण बसलं होतं? शिडीवर कोण चढलं होतं? माझ्या कानशिलात नुसती आग. पण दोघे इतके आनंदात — भांडण मिटल्यावर काहीतरी मिळून करायचं म्हणून लहान मुलांसारखे बघत होते आमच्याकडे. बोलवेना.

ताईंनी कार्ड वाचलं. नीट, दोन्ही बाजूंनी. मग पालथं ठेवलं. "अक्षर छान आहे," म्हणाल्या, आणि सगळ्यांना ताक वाढलं.

हा आवाज मी ओळखते. डॉक्टरीणबाईंना आडवं व्हायला सांगितलं होतं, तो हाच.

५ मार्च

आज ताई आणि मी वेगळ्या निघालो.

शाळेच्या वळणावर एक खोली घेतली — शटर, मोरी, सामानाला मागे फळ्या. घरात चूल एकच, जेवायला सगळे एकत्र, ते तसंच राहील. पण दिव्यांचं घर निराळं. रंगारी दुपारी पाटी लिहून गेला: 'दोघी जावा'.

भाऊ ओट्यावर शेजारी शेजारी बसलेत, कार्डांचा गठ्ठा मधे ठेवून.